निकाली निघालेले चेंबर

१

मंगळू गावित गटाराच्या ज्या चेंबरमध्ये पडून मेला, ते चेंबर त्या वेळी कागदोपत्री बंद होते. हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु पुढे जे घडले, ते सारे याच तपशिलाच्या आधारावर घडले.

पेठ रोडला लागून असलेल्या अमृतबन कॉलनीची मागची गल्ली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सिंधुबाई पहाटे आपली चहाची गाडी लावायला आली, तेव्हा उघड्या चेंबरच्या काठावर तिला एक चप्पल दिसली. दुसरी चप्पल आणि मंगळू, दोघेही खाली होते. पेठकडच्या एका पाड्यावरून तो धाकटा भाऊ दत्तू आणि आई कुसाबाई यांच्यासह द्राक्षबागांच्या छाटणीला आला होता. नाक्यावर मजुरांच्या गाड्या अंधारातच भरतात, आणि नाक्याकडे जाण्याची जवळची वाट त्या गल्लीतूनच होती.

शहराने या मृत्यूची दखल घेतली, पण चोरी म्हणून.

कारण असे, की त्या चेंबरवर झाकण नसल्याची तक्रार रहिवाशांनी 'तत्पर' नावाच्या ॲपवर केली होती, आणि ती आदल्याच दिवशी 'निकाली' निघाली होती. सोबत छायाचित्र होते: चेंबर, आणि त्यावर लोखंडी झाकण. ॲप चालवणाऱ्या 'नगरहित सेवा' या ठेकेदार कंपनीने प्रेत सापडले त्याच दिवशी फिर्याद दिली, की आमचे झाकण रातोरात चोरीला गेले. झाकण दोघांशिवाय हलत नाही, म्हणजे चोर दोन. मयत एक, दुसरा त्याचा भाऊ. दत्तूला अटक झाली. पंचनाम्यात मंगळूच्या खिशातल्या वस्तूची नोंद होती: 'लोखंडी कात्री, झाकण उचकटण्यास उपयुक्त.' ऑक्टोबर महिन्यात या जिल्ह्यातल्या निम्म्या मजुरांच्या खिशात छाटणीची कात्री असते, हे पंचांना ठाऊक नसावे असे मानणे म्हणजे त्यांच्यावर उपकार करणे होय.

मोफत विधी साहाय्याच्या पॅनेलवरून दत्तूचे वकीलपत्र आले ते ॲडव्होकेट साधना गायधनी यांच्याकडे. न्यायालयाच्या आवारातल्या त्यांच्या टेबलासमोर कुसाबाई बसली नाही, उभीच राहिली.

"जामीन होईल, आजी," साधनाबाई म्हणाल्या. "दोनचार दिवसांत दत्तू बाहेर येईल."

"दत्तू यील. मंगळूचं काय?"

साधनाबाईंना प्रश्न कळला नाही.

"पाड्यावर सांगितलंय लोकांनी, चोरी करताना मेला म्हणून. मयतीला चार माणसं आली नाय. पोर गेला तो गेला, बाई. पण चोर म्हणून नाय जायचा."

साधनाबाईंनी फिर्यादीचा कागद पुन्हा वाचला. झाकण उचलायला दोन माणसे लागतात. त्यातला एक खाली पडला. मग ते झाकण घेऊन गेले कोण?

२

"झाकण होतं," सिंधुबाई म्हणाली.

साधनाबाईंच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. झाकण कधी बसवलेच नाही, छायाचित्र दुसऱ्याच जागेचे आहे, असा बचाव मनाशी बांधून त्या इथे आल्या होत्या. तो एका वाक्यात कोसळला.

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"स्वतः म्हणजे काय, ताई, इथंच तर उभी होते. दुपारचा टेम्पो आला. मुकादम आणि एक म्हातारा, दोघांनी पहारीनं सरकवून बसवलं. फोटो काढला. मी त्यांना चहा पाजला, फुकट. म्हटलं, पावसाळ्यापासून बोंबलतोय, आले एकदाचे."

"आणि नंतर?"

"नंतर मी गाडी बंद केली. पोरगी तापलेली होती घरी. पहाटे आले, तर..." तिने चेंबरकडे पाहिले. आता त्यावर पोलिसांचा लोखंडी अडथळा होता. "आमच्यातलं कुणी नेलं असेल असं म्हणतात. म्हणू द्या. भंगारवाल्यांकडं पोलीस जाऊन आले, कुणाकडंच मिळालं नाय. एवढं मोठं धूड खाऊन टाकलं का कुणी?"

"झाकण बसवण्याआधी इतके दिवस कुणी पडलं नाही?"

"कसं पडंल? आम्ही बाभळीची फांदी रोवली होती मधोमध. लाल फडकं बांधलेलं. अंधारात पाय गेला तरी आधी काटा लागायचा. मंगळूपण रोज तिथूनच जायचा की, बाजूनं."

"फांदी कुठे गेली?"

"काढली त्यांनीच. झाकण बसवायचं तर काढावीच लागणार ना. नेली टेम्पोत टाकून."

साधनाबाईंनी चहा संपवला. पोलिसांच्या कथेत आता आणखी एक भोक पडले होते, आणि ते पहिल्यापेक्षा मोठे होते. ज्याने झाकण चोरले, त्याला चेंबर उघडे आहे हे संपूर्ण शहरात सर्वांत आधी कळलेले असते. त्या चेंबरमध्ये पडणे अख्ख्या नाशकात कुणाला अशक्य असेल, तर चोराला. मंगळू पडला, कारण त्याचा विश्वास बसला होता. फांदी नव्हती, म्हणजे झाकण आहे, असे त्याने मानले. पण मग झाकण नेणारा कोण?

"सिंधुबाई, त्या संध्याकाळी चेंबर उघडं आहे हे कुणी पाहिलं होतं का?"

"पाहिलं की. वरच्या माळ्यावरच्या सरांनी लगेच तक्रार टाकली मोबाइलवर. उत्तर काय आलं, विचारा."

"काय आलं?"

"आपली तक्रार आधीच निकाली निघाली आहे. धन्यवाद."

३

'नगरहित सेवा'चे कार्यालय गंगापूर रोडवर होते आणि थंडगार होते. समोरच्या भिंतीवर शहराचा नकाशा चमकत होता. लाल ठिपके म्हणजे प्रलंबित तक्रारी, हिरवे म्हणजे निकाली. नकाशा श्रावणातल्या टेकड्यांइतका हिरवागार होता.

"शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तक्रारी आम्ही मुदतीत सोडवतो, मॅडम," प्रकल्प व्यवस्थापक शेखर देवरे म्हणाला. चाळिशीचा, नीटनेटका, आवाज कधीही न चढवणारा माणूस. "राज्यात कुठेच असा रेकॉर्ड नाही. आणि एका चोरीमुळे आमची बदनामी होते, याचं वाईट वाटतं."

"एका मृत्यूमुळे."

"ऑफकोर्स. तेही दुःखद आहेच."

"तुमच्याकडे झाकणं किती असतात?"

"ते स्टोअरकडे. मी आउटपुट बघतो, मॅडम. झाकणं मोजत बसलो तर शहर कोण चालवणार?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी या वाक्यावर मान वर न करता पडद्याकडेच पाहत राहिली, पण तिची टंकलेखन करणारी बोटे थांबली होती. ती स्नेहल. आलेल्या तक्रारींचा क्रम लावणे हे तिचे काम: काय तातडीचे, काय सामान्य. देवरे फोन घ्यायला बाहेर गेला, तशी ती स्वतःहूनच बोलली.

"अमृतबनची तक्रार 'सामान्य'मध्ये पडून होती, मॅडम. सिस्टिम तसंच लावते. ज्या रस्त्यावर वाहनं जास्त, तिथलं वर, गल्लीबोळ खाली. मी ती उचलून 'तातडी'त टाकली. पुन्हा खाली गेली, पुन्हा टाकली. मलाच लागून राहिलं होतं, कुणीतरी पडेल म्हणून."

"चांगलं केलंत."

"चांगलं?" तिने पहिल्यांदा साधनाबाईंकडे पाहिले. "'तातडी' म्हणजे काय, माहितीये तुम्हाला? 'तातडी' म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या आत फोटो. काम नाही. फोटो."

"म्हणजे?"

देवरे परत आला. स्नेहलची बोटे पुन्हा चालू लागली.

निघताना साधनाबाईंनी दारातच 'तत्पर' आपल्या मोबाइलवर उतरवून घेतले. निकाली निघालेल्या तक्रारींची छायाचित्रे कोणीही पाहू शकत होते. पारदर्शकतेचे एक बरे असते, की तिची सवय झाली म्हणजे तिच्यातून आरपार कोणी बघत नाही.

अमृतबनचे छायाचित्र त्यांनी बोटांनी मोठे केले. झाकण होते. आणि झाकणावर, मधल्या कडीपासून काठापर्यंत, तांबड्या रंगाचा एक ओघळ होता. काठाशी जाऊन तो तीन फाट्यांत फुटला होता.

रक्त? पण छायाचित्र तर मंगळूच्या मृत्यूच्या आदल्या दिवशीचे होते.

४

कंपनीचे आवार म्हसरूळच्या पुढे, पत्र्याच्या कुंपणाआड होते. मुकादम सुनील फाटकातच आडवा आला.

"वकिलांना आत सोडायची ऑर्डर नाय."

"मला आत काही बघायचं नाही. तुमचंच काम आहे. झाकण उचलायला माणसं किती लागतात, एवढं सांगा."

"दोन. एकट्याचं काम नाय ते. फिर्यादीत लिहिलंय ना."

"मग एक खड्ड्यात असताना दुसऱ्यानं नेलं कसं?"

सुनीलने तंबाखू मळणे थांबवले नाही. "ते पोलीस बघतील. मी मुकादम आहे, डिटेक्टिव्ह नाय." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाचा आवाज चढलेला असावा, कारण सुनील "हो साहेब, हो साहेब" करत कुंपणाच्या कडेने लांब गेला.

साधनाबाई आत शिरल्या. शेडखाली एक म्हातारा मजूर टेम्पोला टेकून भाकरी खात होता. सिंधुबाईने चहा पाजलेला म्हातारा तो हाच, हे ओळखायला वेळ लागला नाही. त्याचे नाव पुंजा.

शेडमध्ये दसऱ्याची कळा अजून उतरायची होती. खंडेनवमीला मांडलेल्या हत्यारांना वाळलेल्या झेंडूच्या माळा तशाच होत्या. पहारी, फावडी, घमेली, टिकाव, टेम्पोचा जॅक; एकूणएक वस्तूला तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटे. एका बाजूला सिमेंटच्या गोण्या, पाईप आणि विटांचा ढीग होता. त्यांना कुंकू नव्हते. असण्याचे कारणही नव्हते: जो माल उद्या भिंतीत जाणार, त्याची कोणी पूजा करत नाही. पूजा होते ती रोज हातात राहणाऱ्या वस्तूची, जिच्यावर पोट चालते तिची.

आणि हत्यारांच्या रांगेत, पहारींच्या शेजारी, भिंतीला टेकून एक लोखंडी झाकण उभे होते. दुसरे झाकण संपूर्ण आवारात नव्हते.

त्याच्या कडीला झेंडू होता. कडीखालून नारळाच्या पाण्यासरशी कुंकू वाहिले होते, आणि काठाशी जाऊन तीन फाट्यांत फुटले होते.

साधनाबाईंनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "बाबा, पूजा छान मांडली होती तुम्ही. पण या झाकणाला का कुंकू लावलं?"

पुंजाला प्रश्नच विचित्र वाटला. त्याने तोंडातला घास गिळला.

"हत्यार हाय ना ते आमचं, ताई. वरीसभर त्याच्यावरच तर काम चाललंय."

५

दुसऱ्या दिवशी 'नगरहित सेवा'च्या बैठकीच्या खोलीत पाच माणसे होती: देवरे, सुनील, स्नेहल, तपास करणारे उपनिरीक्षक आणि साधनाबाई. उपनिरीक्षक नाखुशीने आले होते. चोरीचा माल दाखवते, एवढ्या आश्वासनावर आले होते.

"फिर्यादीप्रमाणे चोरीला गेलेलं झाकण हे," साधनाबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. "अमृतबन. कुंकवाचा ओघळ पाहून ठेवा. आता हे पुढचं छायाचित्र, सिडकोतलं. हे जेल रोडचं. हे इंदिरानगरचं. गल्ल्या वेगळ्या, ओघळ तोच. यातलं इंदिरानगरचं छायाचित्र मंगळू गावितच्या मृत्यूनंतरचं आहे, साहेब. चोरीला गेलेलं झाकण चोरीनंतर इंदिरानगरला कामावर हजर होतं."

उपनिरीक्षकांनी मोबाइल जवळ ओढला.

देवरे हसला, सौम्यपणे. "मॅडम, आमचे लोक श्रद्धाळू आहेत. प्रत्येक नवीन झाकणाला कुंकू लावतात. त्यात गुन्हा काय?"

"मीही आधी तसंच समजले असते. पण तुमच्या आवारात सिमेंटला कुंकू नाही, पाईपांना नाही, विटांना नाही. जो माल लावून टाकायचा, त्याला तुमच्या माणसांनी हात लावला नाही. आणि झाकण मात्र पहारीच्या शेजारी पूजलं. तुमच्या कार्यालयात जे कुणी तोंडातून काढत नाही, ते त्या म्हाताऱ्यानं देवासमोर मांडून ठेवलं होतं. झाकण हा तुमचा माल नाही. ते तुमचं हत्यार आहे. चेंबरवर ठेवायचं, छायाचित्र काढायचं, उचलायचं, पुढच्या चेंबरकडे जायचं. सिंधुबाई खरं बोलली, छायाचित्रही खरं आहे. त्या दुपारी झाकण होतं. सिंधुबाईची गाडी बंद होईपर्यंत होतं."

"झाकण आत्ता कुठे आहे?" उपनिरीक्षकांनी विचारले.

"फिर्यादीच्याच शेडमध्ये. जप्त करायला टेम्पो लागेल, आणि दोन माणसं."

सुनील खुर्चीत पुढे झुकला. "साहेब, मला बोलू द्या. आम्हाला झाकणं देतच नाय. मागून मागून थकलो. म्हणतात, आधी क्लोज करा, माल मागनं येईल. येतच नाय."

"सुनील," देवरे म्हणाला. एवढेच म्हणाला, आणि मग साधनाबाईंकडे वळला. त्याचा आवाज अजूनही चढला नव्हता. "ओके. समजा तसं झालं. तरी मृत्यूचा संबंध काय? चेंबर आधीही उघडं होतं, नंतरही उघडं राहिलं. परिस्थितीत फरक काय पडला?"

या प्रश्नाची साधनाबाई वाटच पाहत होत्या. पण उत्तर त्यांनी द्यायचे नव्हते. त्यांनी सुनीलकडे पाहिले.

"फांदी परत का लावली नाहीत?"

सुनीलने मान खाली घातली. "पुंजा लावत होता. मीच नको म्हटलं."

"का?"

"वरनं सांगितलंय तसं. फांदी, दगड, फडकं, काय बी ठेवायचं नाय. फांदी दिसली की लोक परत फोटो टाकतात, नवी तक्रार होते. क्लोज झालेल्या जागी खूण राहिली, तर आमचा पगार कापतात."

"वरून म्हणजे कुणी?"

काचेपलीकडे, बाहेरच्या भिंतीवर हिरवा नकाशा चमकत राहिला. मग स्नेहल बोलली. तिने कोणाकडे पाहिले नाही.

"देवरे सरांनी. प्रत्येक सोमवारच्या मीटिंगमध्ये. 'निकाली जागेवर तक्रारीचं चिन्ह दिसता कामा नये.' मी तिथं असायचे. आम्ही सगळेच असायचो."

"स्नेहल, तू आत्ता—"

"मी ती तक्रार दोनदा वर काढली, सर. 'सामान्य'मध्ये राहू दिली असती, तर टीम गेलीच नसती. फांदी तिथंच राहिली असती. तो माणूस बाजूनं गेला असता, रोजच्यासारखा." ती थांबली. "मी काळजी घेतली म्हणून तो मेला. तुम्ही काय घेतलं होतं, ते तुम्ही सांगा."

देवरेने नीट विचार केला. त्याचे उत्तर साधनाबाईंच्या कायमचे लक्षात राहिले, कारण त्यात खोटे असे काहीच नव्हते.

"तक्रार होती, झाकण नाही. आम्ही झाकण लावलं. ते किती वेळ ठेवायचं, हे करारात कुठे आहे?"

६

झाकण जप्त झाले. देवरेवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला, आणि त्याच संध्याकाळी त्याला जामीनही मिळाला. पुंजाला कंपनीने कामावरून काढले. कारण दिले, 'कंपनीच्या मालमत्तेवर विनापरवाना धार्मिक विधी.' स्नेहलने राजीनामा दिला. तिच्या जागी आलेल्या मुलाला 'तातडी' आणि 'सामान्य' यांतला फरक शिकवायला फारसा वेळ लागला नाही.

दत्तूवरचा चोरीचा गुन्हा मागे घेण्यासाठी पोलिसांनी न्यायालयात अहवाल दाखल केला. सुनावणीच्या सकाळी तिघे बाहेरच्या बाकावर बसले होते. साधनाबाईंनी अहवाल उघडला.

"वाचा ना, बाई," कुसाबाई म्हणाली. "मंगळूचं काय लिहिलंय?"

"'सदर झाकणाची चोरी झाल्याचे निष्पन्न होत नाही. फिर्याद वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झाली असल्याने...'"

"गैरसमज कुणाचा?"

"कंपनीचा."

"झाकण त्यांच्याच घरात व्हतं. त्यांना ठाव नव्हतं?"

"ठाऊक होतं, आजी."

"मग गैरसमज कसा? खोटं बोलले असं लिवा."

साधनाबाईंनी कागद मिटला. म्हातारीशी प्रामाणिक राहणे भाग होते. "हे बघा. पोलिसांचे दोन प्रकारचे अहवाल असतात. एकात फिर्याद चुकून झाली असं म्हणतात. दुसऱ्यात, फिर्याद जाणूनबुजून खोटी होती असं. त्यांनी पहिला दिलाय, कारण तो कुणालाच लागत नाही. हा आज मान्य झाला, तर दत्तू आत्ता मोकळा होईल. हरकत घेतली, तर प्रकरण चालू राहील. दत्तूला तारखांना यावं लागेल, आणि नावापुढे आरोपी राहील. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. आणि जिंकूच असंही नाही."

कुसाबाई धाकट्याकडे वळली. बोलण्याचा अधिकार आपला नाही, हे तिला कळत होते. तारखा त्याच्या होत्या.

दत्तू सबंध प्रकरणात साधनाबाईंशी जेमतेम दहा वाक्ये बोलला असेल. कोठडीत त्याचे गाल बसले होते. तो आपल्या हातांकडे पाहत होता. छाटणीनंतर काडीला लावायच्या औषधाने त्या हातांची कातडी सोलून निघाली होती.

"पाड्यावरनं यष्टी हाय सकाळची," तो म्हणाला. "यीन मी."

"नीट विचार कर. कामाचे दिवस बुडतील."

"दादाला चोर म्हटलं तवा मी तिथंच व्हतो, बाई. त्याला वर काढत व्हते, आन् मला इचारत व्हते, झाकण कुठं ठेवलं." त्याने हात मांडीवर पुसले. "अर्ज लिवा."

आतून दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. अजून थोडा वेळ होता. साधनाबाईंनी मांडीवर फाइल ठेवली आणि लिहायला घेतले. असे अर्ज त्यांनी आयुष्यभर 'सविनय सादर करण्यात येते की' या शब्दांनी सुरू केले होते.

'मयत मंगळू गावित हा चोर नव्हता, आणि फिर्यादीला हे फिर्याद देतानाच माहीत होते.'

न्यायालयात असे सुरू करत नाहीत. त्यांनी ते एकदा वाचले, खोडले नाही, आणि सहीसाठी कागद दत्तूपुढे केला.